तक्ता सात

मूल्यांकन समिती सोमवारी येणार.
तक्ता सात: शोधनिबंध, वर्ष, नियतकालिक, उद्धरणे.
लाखांदूरची वीज साडेचारला गेली ती गेली,
म्हणून खिडकीपाशी स्टूल ओढून
पेन्सिलीनं भरतेय.

निबंध नऊ.
उद्धरणे एकतीस.
त्यातली बारा मीच मला दिलेली,
कोणी आलं नाही म्हणून आरशात बघून
आपलं आपणच हळदीकुंकू लावून घ्यावं तशी.
सहा गाईडसरांची. ते रिटायर झाले
आणि आकडा तिथंच बसला.
एका ठिकाणी कापगतेचं कपाटे छापलंय,
ते धरायचं की नाही कोण जाणे.
एकानं लिहिलंय, आकृती चार चुकलेली आहे.
चुकलेलीच आहे. तरी ते मोजतात.
दहा घोळक्यातली: पाहा, संदर्भ पाच ते एकोणीस.
मी चौदावी, पंगतीत बसलेली,
वाढप्याला न दिसलेली.

राहिला एक.
इक्वेडोरचा कोणी. त्यानं खरंच
मक्याचे दाणे ओळीनं मांडले, लेझर सोडला,
आणि लिहिलं: कापगते यांच्या पद्धतीनं.
ते पान मी टेबलाच्या काचेखाली ठेवलंय.
शेजारच्या मिलचा कोंडा काचेवर बसतो,
रोज पुसावा लागतो.

पद्धत म्हणजे काय,
धानाच्या दाण्यावर लाल उजेड टाकायचा
आणि ठिपक्यांकडे बघत बसायचं.
पहिल्यांदा मला काहीच दिसलं नव्हतं.
झिबल मागे स्टूलं पुसत होता. म्हणाला,
'म्याडम, थो दाना जित्ता आहे.
पाहा ना, कसा खदखदून रायला.
अन् हा मेला. गप पडला.'
मी त्याला कालिक असंबद्धता म्हटलं,
आलेख काढला, दोन वर्षं घातली.
खदखद हा शब्द निबंधात कुठंच नाही.
शेवटी आभाराची एक ओळ होती झिबलच्या नावाची,
संपादकांनी पानं जास्त होतात म्हणून कापली.

माघात शंकरपट होता.
घड्याळवाल्याची गाडी वडशाला बंद पडली,
तर समितीची माणसं झिबलला धरून प्रयोगशाळेत.
दोन मिलिवॅटचा लेझर, समोर डायोड,
अगरबत्तीच्या धुरात रेघ दिसेपर्यंत
झिबल बांबू सरकवत राहिला.
बैलांना काय, ती रेघ दिसतही नव्हती.
धूळ, शिट्ट्या, आरोळ्या, जोडी आली,
उजेड तुटला आणि आकडा थांबला.
आठ पूर्णांक एकोणचाळीस.
पुढची जोडी आठ पूर्णांक एकेचाळीस.

हरलेला धुरकरी सरळ माझ्याकडे आला.
कानात भिकबाळी, गुडघ्यापर्यंत माती.
'बाई, हा लाल ठिपका खोटं किती बोलते?'
कोणी तरी हसलं. मी नाही.
म्हटलं, एका शतांशाइतकं बोलू शकतो,
इकडं किंवा तिकडं.
त्यानं बोटांवर काहीतरी मांडलं.
'दोघायचंही खोटं आमच्याकडून धरलं तरी
बरोबरीच होते. पुढे त नाहीच जात.'
आणि बैलाच्या पाठीवर थाप मारून निघून गेला.

नऊ निबंधांत नऊ त्रुटी-मर्यादा दिल्या मी.
इतकं मन लावून एकही कोणी वाचली नव्हती.

शेवटचा रकाना: संशोधनाचा प्रभाव, शंभर शब्दांत.
लिहिते: माघ, पटाचं मैदान,
अधिक-उणे शून्य पूर्णांक शून्य एक सेकंद.
खोडते.
रबराचा चुरा फुंकते, खाली आकडे अजून दिसतात.
तेच परत गिरवते.
मिलचं जनरेटर सुरू झालंय, काच थरथरतेय.
दारात झिबल किल्ल्या वाजवतोय.